टिकलीएवढा डाग

पांढऱ्या डागांच्या बाबतीत आमच्या मोहल्ल्यात जो तो डॉक्टर होता. पोराच्या गालावर पांढुरका चट्टा दिसला की जंत. लगेच वावडिंगाचा काढा. मानेवर, पाठीवर बारीक ठिपके उठले की शिबं, घामाची. त्यावर लिंबू चोळा. नखावर पांढरं आलं तर नवे कपडे मिळणार. इथपर्यंत कोणाचं काही बिघडत नव्हतं. पोरं मोठी व्हायची आणि चट्टे आपोआप जायचे. पण लग्न झालेल्या बाईच्या अंगावर पांढरा डाग दिसला, की हीच माणसं डॉक्टरकी सोडून न्यायाधीश व्हायची. मग कारण कातडीत शोधायचं नाही. तिच्या माहेरात शोधायचं, तिच्या जिभेच्या चोचल्यांत शोधायचं, तिच्या मागच्या जन्मात शोधायचं. इतकी वर्षं झाली तरी मला त्याचा संताप येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

गोष्ट माझ्या मोठ्या बहिणीची आहे. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. ताईला कळमेश्वरला दिलेली. नवरा तिथल्याच एका कारखान्यात फिटर, घरात सासू आणि लग्नाची नणंद. सासरे नव्हते. ताईला साडेतीन वर्षांची एक मुलगी. इकडे नागपुरात आम्ही दोघीच, आई आणि मी. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. मी वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात टायपिस्ट होते. दिवसभर मालाच्या बिल्ट्या टाइप करायच्या आणि अमरावती रोडची धूळ खात घरी यायचं, असा माझा दिनक्रम.

त्याच सुमाराला चिकटवायच्या टिकल्या बाजारात नव्या नव्या आल्या होत्या. त्याआधी ताई मेणावर कुंकू लावायची. आमच्याकडचा उन्हाळा असा, की सकाळी अकरापर्यंत मेण पाघळून कुंकू नाकाच्या शेंड्यावर उतरलेलं असायचं. त्या मखमली, मरून टिकल्या मी पहिल्यांदा बर्डीच्या बाजारात पाहिल्या आणि हरखून गेले. मागे गोंद, नुसती दाबायची. तेव्हापासून पगार झाला की दोन पाकिटं आणायची, एक माझं, एक ताईचं. माझ्या टिकल्या बारीक. ऑफिसातून आल्यावर काढून आरशाला चिकटवून टाकायची. ताईला ती सोय नव्हती. तिच्या सासूचा दंडकच होता की सवाष्णीचं कपाळ घडीभरसुद्धा उघडं राहता कामा नये. अंघोळ करताना टिकली, झोपताना टिकली. एक काढली की पदराआड, त्याच जागी, लगेच दुसरी. सासूबाई टिकलीवर बेहद्द खूश होत्या. "कुकवापरीस हे बरं," त्या मला म्हणाल्या होत्या, "धुतलं तरी जात नाही." मीही खूश होते. आपण आणलेल्या वस्तूची वाहवा कोणाला नको असते?

दिवाळीला ताई माहेरी आली तेव्हा सारखं कपाळ खाजवत होती. टिकलीखाली लालसर झालं होतं, बारीक पुटकुळ्या होत्या. आईनं खोबरेल लावलं आणि "घामोळ्या असतीन" म्हणून सोडून दिलं. दिवाळीच्या थंडीत घामोळ्या कुठून येतील, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रविवार होता म्हणून मीही कळमेश्वरला गेले होते. पंधरा-वीस बायका, वाणाला प्लास्टिकच्या चाळण्या. ताईनं सगळ्यांना हळदीकुंकू लावलं आणि शेवटी शेजारची एक बाई ताईला लावायला उठली. तिनं बोट दाबलं आणि उचललं, तर जुनी झालेली टिकली बोटालाच चिकटून वर आली. खाली तेवढाच गोल डाग होता, पांढराफटक. जणू दुसरी टिकली लावलेली असावी, पांढऱ्या रंगाची.

मग ती बाई हळूच म्हणाली, "हे कोड तर नाही वं?"

ताईनं हातानं कपाळ झाकलं. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या जमलेल्या बायकांना म्हणाल्या, "आमच्या घरात असं कोणालेच नाही, बरं का."

बस. निकाल लागला. ताईला काय होतंय, कधीपासून आहे, दुखतं का, हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही. आमच्या घरात नाही, म्हणजे हिच्या घरातून आलं. घरात लग्नाची पोरगी होती, तिच्या सोयरिकी चालल्या होत्या, आणि सुनेला कोड आहे ही बातमी संध्याकाळच्या आत गावभर होणार होती. सासूबाईंची काळजी मला आज कळते. पण कळणं वेगळं आणि माफ करणं वेगळं.

आठ दिवसांनी भाऊजी ताईला आमच्याकडे घेऊन आले. एकटीला. मुलगी आणली नव्हती.

"पोट्टी कुठं आहे?" आईनं विचारलं.

"आई म्हणे, लहान जीव आहे, तिले लागलं तर?" भाऊजी चपला न काढता दारातच उभे होते. "इलाज करून घ्या. डाग गेला की मी सोता घ्याले येतो. मंग पोट्टी अन् हे, सगळे संगच."

आणि डाग नाही गेला तर? ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आईनं विचारायची हिंमत केली नाही. मी विचारलं. भाऊजी बसची वेळ झाली म्हणाले आणि निघून गेले.

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच ध्यास. डाग घालवायचा आणि पोरगी मिळवायची.

आईनं आधी काय करावं? सेफ्टी पिन घेतली आणि ताईच्या कपाळाला टोचली. "दुखते का?" ताई कळवळून ओरडली, "दुखते ना वं!" आई मटकन खाली बसली आणि रडायला लागली, आनंदानं. आमच्या भागात महारोगाची तपासणी करणारे कार्यकर्ते दारोदार फिरायचे, तेव्हा चट्टा बधिर आहे का ते पाहायचं एवढं आईला माहीत होतं. साऱ्या प्रकरणात शहाणपणाची अशी तेवढी एकच गोष्ट घडली, आणि तीही पिन टोचून.

पुढे कारणांचा पाऊसच पडला. माझी मावशी म्हणाली, मासोळीवर दूध प्यायली असेल. ताई मासोळीच्या वासानंसुद्धा घराबाहेर पळायची. तसं सांगितल्यावर मावशी म्हणाली, "मंग हे पोटात होती तवा तुह्या मायनं खाल्ली असन." म्हणजे काहीही करून कारण आमच्याच चुलीवर शिजलं पाहिजे. शेजारणीनं सांगितलं, पांढरं खाऊ नका. झालं, ताईचं दूध बंद, दही बंद, भातसुद्धा बंद. कोणी तरी मीठ बंद करायला लावलं. महिनाभरात ताईच्या गळ्याची हाडं वर आली. डाग मात्र खाऊनपिऊन सुखी. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच.

मग इतवारीतल्या एका वैद्याचं नाव कानावर आलं. त्यानं बावचीचं तेल दिलं. डागावर लावून रोज उन्हात बसायचं. किती वेळ, ते त्यानं सांगितलं असेल, आम्ही ऐकलं नसेल. आईचा हिशेब साधा होता, की थोड्या उन्हानं थोडा गुण तर जास्त उन्हानं जास्त. चैत्रातलं नागपूरचं ऊन, आणि माझी बहीण गच्चीवर कपाळ वर करून तासभर बसलेली. चौथ्या दिवशी कपाळाला हे मोठे फोड आले. ताई म्हणाली, "जळजळ होऊन राहिली वं, जीव जाते." आई म्हणाली, "औषध लागून राहिलं." तिच्या डोळ्यांसमोर नात होती, ताईच्या डोळ्यांसमोर मुलगी. दोघी मिळून सोसत होत्या आणि दोघींना वाटत होतं, सोसण्याचाच काही तरी उपयोग होईल.

मधल्या काळात भाऊजी दोनदा मुलीला घेऊन आले. एका तासासाठी. पहिल्यांदा ती धावत आली आणि तीन हातांवर थबकली. ताईनं हात पसरले. मुलगी बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, आईले हात लावू का?" साडेतीन वर्षांच्या पोरीला हे कोणी शिकवलं? भाऊजींनी मान खाली घातली आणि "लाव" म्हणाले. नुसते "लाव". माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "भाऊजी, तुमी इच्याजवळ पाच वर्सं राहिले, तुमाले लागलं का?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आईविरुद्ध बोलणार कसे.

आता माझी पाळी. माझ्या शहाणपणाचं सांगितल्याशिवाय इतरांना नावं ठेवायचा मला हक्क नाही. फोड वाळत आल्यावर भोवतालची कातडी काळी पडली आणि मधला पांढरा आणखी उठून दिसायला लागला. ताई दाराबाहेर पडेना. मला वाटलं, निदान हे तरी आपण करू. बर्डीवर गेले आणि आधीपेक्षा मोठ्या टिकल्या घेऊन आले. चांगल्या रुंद. ताईनं लावून आरशात पाहिलं, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसली. डाग पूर्ण झाकला होता. पंधरा दिवसांनी तो टिकलीच्या कडेनं बाहेर डोकावू लागला. मी त्याहून मोठं पाकीट आणलं. डाग वाढला की टिकली मोठी, टिकली मोठी झाली की डाग वाढलेला. मी वाडीच्या ऑफिसात मालाच्या चिठ्ठ्या बिनचूक टाइप करणारी, मॅट्रिकला गणितात चांगले मार्क मिळवलेली. मला हे दिसलं नाही.

आमच्या घरात एक कपाळ असंही होतं, ज्यावर कधी काही उठलं नाही. ते आईचं. बाबा गेल्यापासून तिच्या कपाळाला कुंकू नाही की टिकली नाही. तीच आई, तेच रक्त, तेच जेवण, तेच ऊन. उत्तर आमच्यासमोर रोज स्वयंपाक करत होतं. पण विधवेच्या कपाळाकडे पाहतो कोण? आणि ताईला कोणी म्हटलं असतं, की आठ दिवस टिकली लावू नकोस, तर ती आईच्या त्या कपाळाकडे बोट दाखवून म्हणाली असती, तसं दिसू का मी, नवरा जिवंत असताना?

फोडाची जागा टिकलीखाली पिकली तेव्हा मात्र मी कोणाचं ऐकलं नाही. एक दिवसाची रजा टाकली आणि ताईला सरकारी दवाखान्यात कातडीच्या विभागात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी "टिकली काढा" म्हटलं. ताई काढेना. मी काढली. बाईंनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं, हातपाय पाहिले, पावलं पाहिली. चपलेच्या रबरी पट्ट्याखाली डाग आहेत का तेही तपासलं. मग विचारलं, "टिकली किती वेळ असते कपाळावर?"

"चोवीस तास," ताई म्हणाली, थोड्या अभिमानानंच.

"रात्रीसुद्धा?"

"हो. सासूबाईले उघडं कपाळ चालत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हा टिकलीचा गोंद आहे," त्या म्हणाल्या. "या गोंदात एक रसायन असतं, ते कातडीचा रंग मारतं. सगळ्यांनाच होत नाही, पण तुम्हाला झालंय. हा महारोग नाही. कोणाला लागत नाही. आईबापाकडून आलेला नाही. आणि पोटातल्या कशाशी याचा संबंध नाही. दूध प्या, भात खा." मग त्यांनी बोट उचललं. "पण आजपासून चिकटवायची टिकली बंद. कुंकू लावा, नुसतं कोरडं, जखम भरल्यावर. चार-सहा महिन्यांत बराचसा रंग परत येऊ शकतो. खात्री देत नाही. पण टिकली लावत राहिलात तर वाढणार, ही खात्री देते."

आम्ही दोघी बाहेर व्हरांड्यात आलो आणि ताई बाकावर बसून हमसून हमसून रडली. मला वाटलं, संपलं. कारण सापडलं, कागदावर लिहून मिळालं, आता बोलायला जागाच कुठे उरली? मी दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मशीनवर डॉक्टरीणबाईंचं म्हणणं शुद्ध मराठीत टाइप केलं, खाली रेघ मारली, आणि रविवारच्या बसनं कळमेश्वरला गेले. किती भाबडी होते मी!

सासूबाईंनी कागद नणंदेकडून वाचून घेतला. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "टिकलीनं कोड होते? आमी जलमभर कुकू लावून राहिलो, आमाले नाही झालं."

"कुकू नाही, मावशी. गोंद. टिकलीमागचा गोंद."

"मंग माह्या पोरीले काहून नाही झालं? ते बी लावते. तुले काहून नाही?"

"आमी रात्री काढतो. अन् सगळ्याईले होत नाही, डॉक्टरीणबाईनं सांगतलं."

"हेच म्हणतो मी," त्या म्हणाल्या. "तुह्या बहिणीलेच झालं ना?"

या बाईशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं. पण त्या दुष्ट नव्हत्या, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. त्यांनी मला चहा दिला, भजी तळली. आणि मग अगदी समजूतदारपणे आपली अट सांगितली. पुढच्या महिन्यात नणंदेला पाहायला सावनेरचे लोक येणार होते. घरातली सून दिसली नाही तर ते विचारतील. तेव्हा ताईनं यावं. पोरगीही तिच्याकडेच राहील, मागचं सगळं विसरून जाऊ. फक्त डाग दिसता कामा नये. "मोठी टिकली लावून ये म्हणा. अन् मंग बी लावतच राह्य म्हणा, लगन होयेपर्यंत. मंग पाहू."

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांच्या हातात तो टाइप केलेला कागद होता. त्यांना वाचता येत होतं. ते म्हणाले, "चार-सहा महिन्याचाच तर सवाल आहे."

चार-सहा महिने! डॉक्टरीणबाईंनी रंग परत यायला जेवढे दिले होते, नेमके तेवढेच. ज्या वस्तूनं डाग पाडला, तीच लावून ये, म्हणजे डाग दिसणार नाही. एवढा न्याय कोणत्या कोर्टात मिळाला असता?

घरी येऊन मी सगळं सांगितलं आणि वर माझं मतही सांगितलं, की अजिबात जायचं नाही. मी पोलिसात जाईन, जातपंचांकडे जाईन, कोणाकडेही जाईन, पण पोरगी आणेन. ताई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "अन् ते होयेपर्यंत किती दिवस लागतीन वं?" मी बोटांवर महिने मोजायला लागले. ती म्हणाली, "परवा पोट्टी बापाले विचारून राहिली होती, आईले हात लावू का म्हणून. अजून चार महिन्यानं ते इचारणार बी नाही."

मी घरातली उरलेली टिकल्यांची पाकिटं चुलीत घातली. तिच्यादेखत. दोन आठवड्यांनी मीच तिला बसस्टँडवर सोडायला गेले. कळमेश्वरची गाडी लागायला वेळ होता. ती म्हणाली, "थांब, आलो," आणि कोपऱ्यावरच्या बांगड्यांच्या दुकानात गेली. परत आली तेव्हा कपाळावर टिकली होती. दुकानातली सगळ्यात मोठी. मी तिच्याशी बोलले नाही. गाडी सुटेपर्यंत नाही, हातसुद्धा हलवला नाही. सगळा राग ज्यांच्यावर काढायचा त्यांच्यावर निघाला नाही आणि तिच्यावर निघाला. याचीही लाज मी इथेच नोंदवते.

नणंदेचं जमलं, लग्न झालं. पुढच्या संक्रांतीच्या आसपास ताई मुलीला घेऊन माहेरी आली आणि मी दोघींना त्याच दवाखान्यात नेलं. टिकली काढल्यावर दिसलं, पांढरा आता भुवईपर्यंत उतरला होता. एका भुवईचे केससुद्धा पांढरे झाले होते. डॉक्टरीणबाईंनी जुना कागद पाहिला आणि त्या भडकल्याच. "मी स्पष्ट सांगितलं होतं ना? समजलं नव्हतं का?"

"समजलं होतं," ताई म्हणाली.

बाईंनी तिच्या मांडीवरच्या मुलीची हनुवटी उचलून कपाळ पाहिलं. स्वच्छ होतं, काही लावलेलं नव्हतं. "हिला लावत नाही वाटतं टिकली?"

"तिची आजी लावते रोज. मी काढून फेकतो. त्याच्यावरून भांडणं होतेत, पण तिले लावू देत नाही."

"मुलीसाठी एवढं कळतं," बाई म्हणाल्या, "मग स्वतः कशाला लावली?"

ताईनं मुलीला जरा वर ओढून घेतलं.

"मी लावली म्हणून तर हे माह्या मांडीवर आहे ना, बाई."